मेटामटेरियलमध्ये उच्च-तापमान अतिसंवाहक कसे आले

मेटामटेरियल म्हणजे लहरीच्या लांबीपेक्षा लहान घटक ओळीने मांडून घडवलेला कृत्रिम पदार्थ. त्याची सुरुवात ऋण अपवर्तनांकातून, म्हणजे लहर नेहमीच्या उलट बाजूला वळवण्यातून झाली. ही कल्पना 1960च्या दशकातली. ती प्रयोगशाळेत दिसली 2000 साली, सूक्ष्मलहरींच्या पट्ट्यात, तांब्याच्या चिरलेल्या कड्या आणि तारा ओळीने मांडून. त्या रचनेने नवं दालन उघडलं, पण तांब्याचा रोध लगेच आडवा आला. अनुस्पंदनाच्या क्षणी, म्हणजे लहरीची वारंवारता कडीच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळते तेव्हा, कडीतून प्रवाह सर्वाधिक वाहतो आणि नेमकी तेव्हाच ऊर्जा उष्णतेत जाते.

उपाय म्हणून 2005 मध्ये अतिसंवाहक, म्हणजे पुरेशा थंडीत रोध जवळपास गमावणारा पदार्थ, आला, तोही नायोबियम: तो 9.2 केल्विनच्या खालीच अतिसंवाहक होतो, म्हणजे द्रव हीलियमशिवाय गत्यंतर नाही. 92 केल्विनचा वायबीसीओ (इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचा उच्च-तापमान अतिसंवाहक) 1987 पासून हाताशी होता आणि त्याला 77 केल्विनचा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरतो. तरी त्याला मागे ठेवलं गेलं, कारण त्याची फिल्म बनवणं जिकिरीचं आहे. स्फटिकाची जाळी जुळणारा पाया हवा, सातशे अंशांच्या वर तापवलेला, शिवाय ऑक्सिजनचं प्रमाण अचूक. कण थोडे तिरके बसले तरी प्रवाह सांध्यांवर अडतो. नक्षी कोरताना कडा बिघडतात, आणि कडीतला प्रवाह तर कडांनाच दाटतो.

वायबीसीओ धातूपेक्षा सरस आहे का, हा खरा वाद टेराहर्ट्झ पट्ट्यात, म्हणजे सूक्ष्मलहरींहून जास्त वारंवारतेला, पेटला. धातूचा पृष्ठरोध (लहरीला पृष्ठभागावर होणारा रोध) वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, अतिसंवाहकाचा वर्गाच्या. त्यामुळे नायट्रोजनच्या तापमानाला टेराहर्ट्झच्या बऱ्याच खालीच वायबीसीओ धातूपुढे हरतो. त्यात भर म्हणजे या पदार्थात काही दिशांना, अतिसंवाहन ज्यांच्यामुळे होतं त्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तुटायला जवळपास ऊर्जाच लागत नाही, म्हणून थंडी वाढवूनही तोटा पूर्ण सरत नाही. ‘मग सोनंच वापरा की’ असा आक्षेप घेतला गेला. हिशेब म्हणून तो बरोबर होता, पण त्यात फक्त तोटाच मोजला होता. शिवाय नायोबियमही साधारण 0.7 टेराहर्ट्झच्या पुढे कामाचा राहत नाही, कारण तिथे लहरच जोड्या फोडते.

2010च्या प्रयोगांनी या वादाची दिशा बदलली. वायबीसीओमध्ये चुंबकीय क्षेत्र सुमारे 150 नॅनोमीटर आत शिरतं. फिल्म 50 नॅनोमीटरची केली की प्रवाहाच्या जडत्वातून येणारं प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) ठळक होतं. तापमान वाढलं की जोड्या घटतात, तेवढाच प्रवाह वाहायला उरलेल्यांना अधिक वेगाने धावावं लागतं, प्रेरकत्व वाढतं आणि अनुस्पंदन खाली सरकतं. सर्वांत पातळ फिल्ममध्ये ही सरक जवळपास तिसऱ्या हिश्शाची होती. म्हणजे फक्त तापमान बदलून अनुस्पंदन हलवता येतं: एकही हलता भाग नाही, डायोड नाही. ऋण अपवर्तनांकाच्या गाजावाजात इतका साधा आणि कामाचा गुण झाकोळून गेला, याचं वाईट वाटतं.

पुढे लेझरच्या स्पंदांनी जोड्या तोडून हीच फिल्म पिकोसेकंदांत बदलता येऊ लागली. तीव्र टेराहर्ट्झ क्षेत्र स्वतःच तिचा प्रतिसाद बदलतं, हेही दिसलं. जोसेफसन संधी (दोन अतिसंवाहकांमधला कमकुवत सांधा) बसवलेल्या कड्यांत मात्र अजून नायोबियमचाच वरचष्मा आहे. तिथे शेकडो संधी एकसारख्या लागतात, आणि वायबीसीओत त्या सहसा कणांच्या सीमेवर घडवाव्या लागत असल्याने एकीची दुसरीशी जुळणी होत नाही.