सिस्टिम अ‍ॅडमिन नेमताना प्रमाणपत्र कसं वाचावं

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या अर्जात चार-पाच प्रमाणपत्रांची नावं असतात आणि सगळी सारखीच वजनदार वाटतात. आधी दोनच गोष्टी बघा: परीक्षा मशीनवर काम करून दिली की पर्याय निवडून, आणि मुदत शिल्लक आहे का. कंपनीचं नाव त्यानंतर.

तुमचा सर्व्हर लिनक्सवर असेल, तर आमची पहिली पसंती आरएचसीएसएला, म्हणजे लिनक्सची स्वतःची आवृत्ती विकणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या अ‍ॅडमिन प्रमाणपत्राला. परीक्षा तीन तासांची. समोर चालू मशीन आणि कामांची यादी, पर्याय निवडायचा प्रश्न एकही नाही. 300 पैकी 210 गुणांना पास. इंटरनेट मिळत नाही, मशीनमधली मॅन पेजेस (आज्ञांची मदत-पानं) तेवढी वाचता येतात. शिवाय केलेलं काम रीबूटनंतरही टिकलं, तरच गुण मिळतात. चांगली तयारी असलेले लोक इथंच अडकतात. एफएसटॅब फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकाचं, एक अक्षर चुकलं, तरी चालू मशीनवर काही बिघडलेलं दिसत नाही. रीबूट केलं की मशीन त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) थांबतं. ओळ लिहून झाल्यावर 'माउंट -ए' (यादीतल्या डिस्क लगेच जोडायची आज्ञा) चालवलं असतं, तर चूक तिथंच कळली असती. सर्व्हिस 'स्टार्ट' (आत्तापुरती सुरू) केली पण 'एनेबल' (दर वेळी आपोआप सुरू) केली नाही, फायरवॉलचं पोर्ट 'परमनंट' (कायमचं) न लावता उघडलं, या त्याच जातीच्या चुका. रविवारी वीज गेली आणि सोमवारी सकाळी बिलिंग बंद, याच्या मुळाशी बहुतेक वेळा यातलंच काही असतं. म्हणून या परीक्षेला आम्ही मान देतो. मुदत तीन वर्षं.

एलपीआयसी-1 हे एलपीआय या संस्थेचं लिनक्स प्रमाणपत्र. त्यात 101 आणि 102 असे दोन पेपर, प्रत्येकी 90 मिनिटं आणि 60 प्रश्न. मुदत पाच वर्षं. डेबियन आणि रेड हॅट दोन्ही पद्धतींचं पॅकेज व्यवस्थापन (सॉफ्टवेअर बसवणं-काढणं) त्यात येतं, त्यामुळे डेबियनवर आधारलेलं उबुंटू वापरणाऱ्यांना ते जवळचं. मात्र पेपर लेखी आहे, हात किती चालतो ते मुलाखतीत बघावंच लागतं.

आरएचसीई ही रेड हॅटची पुढची परीक्षा, म्हणजे अ‍ॅन्सिबलवर (अनेक सर्व्हरवर एकदम काम करायचं साधन) चार तासांचं काम, आणि ती मिळवायला आरएचसीएसए आधी हवं. दोन-तीन सर्व्हर असलेल्या कार्यालयाने त्यासाठी जादा पगार मोजू नये. सीकेए या कुबरनेटीसच्या (कंटेनरमधले प्रोग्रॅम अनेक सर्व्हरवर चालवणाऱ्या प्रणालीच्या) प्रमाणपत्राचंही तसंच. परीक्षा उत्तम, दोन तास प्रत्यक्ष काम, पण तुमच्याकडे कुबरनेटीस नसेल तर तिचा उपयोग काय?

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो. एझेड-104 ही अझूरची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची परीक्षा आहे. तुमच्या कपाटातला विंडोज सर्व्हर त्या माणसाला येतो, असं त्यावरून ठरत नाही. मुदत एकच वर्ष, नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट. ते राहून गेलं, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. एमसीएसई हे मायक्रोसॉफ्टचं जुनं प्रमाणपत्र 31 जानेवारी 2021 ला बंद झालं. अर्जात ते दिसलं तर जुना अनुभव म्हणून जरूर धरा, पण आजच्या ज्ञानाचा दाखला म्हणून नको.

छापील प्रतीवर थांबू नका. रेड हॅटचा सर्टिफिकेशन क्रमांक, एलपीआयचा आयडी आणि पडताळणी कोड, किंवा मायक्रोसॉफ्टची ट्रान्सक्रिप्ट लिंक मागा आणि त्या-त्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

मग अर्धा तास काम द्या. रेड हॅट घराण्यातलं व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरमध्ये चालणारा संगणक), त्याला 5 जीबीची कोरी डिस्क. 2 जीबीचं लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कचा वेगळा भाग) करून वेगळ्या फोल्डरवर माउंट करायचं (जोडायचं) आणि त्यातलं पान अपाची वेब सर्व्हरमधून दाखवायचं. एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेमुळे 403 (प्रवेश नाकारला) येईल. जो 'सेटएन्फोर्स 0' मारून (ती यंत्रणा तात्पुरती सैल करून) मोकळा होतो, त्याचं पान रीबूटनंतर पुन्हा बंद पडतं. जाणकार माणूस 'सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने त्या फोल्डरच्या लेबलचा नियम लिहितो आणि तो लागू करायला 'रिस्टोअरकॉन' चालवतो. रीबूट तुम्ही स्वतः करा आणि पान उघडतं का ते बघा.