8 हजारांचे 13 हजार कसे झाले?

अणुवीज केंद्रातल्या सुरक्षा तपासणीची बातमी वाचताना नजर आधी आकड्यावर जाते. आकडा मागच्या खेपेपेक्षा मोठा दिसला, की अणुभट्टी खिळखिळी होत चालली असा अर्थ काढून आपण मोकळे होतो. बेल्जियममध्ये नेमकं हेच घडलं. तिथल्या डूल 3 या अणुभट्टीच्या पोलादी दाबपात्राच्या, म्हणजे अणुइंधन ज्यात असतं त्या जाड पात्राच्या, भिंतीत 2012 साली सुमारे 8 हजार बारीक दोष सापडले. 2014 च्या तपासणीनंतर जाहीर झालेला आकडा होता 13,047. तिआंज 2 या दुसऱ्या भट्टीत सुमारे 2 हजारांचे 3,149 झाले. दोन वर्षांत 5 हजार नवे तडे गेले, असंच कुणीही समजणार.

खरं तर दोष होते तेवढेच होते. वाढली होती ती त्यांचा कानोसा घेण्याची ताकद. हे कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

दाबपात्राची भिंत सुमारे 20 सेंटिमीटर जाडीची. आत 300 अंशांच्या आसपास तापलेलं पाणी, तेही वातावरणाच्या साधारण 155 पट दाबाखाली. असं पात्र कापून बघता येत नाही, म्हणून आतून पोलादावर अल्ट्रासाउंडचा प्रोब फिरवतात. सोनोग्राफीत पोटावर फिरवतात, त्याच जातीचं हे यंत्र. प्रोबमधला स्फटिक विजेच्या झटक्याने सेकंदाला काही दशलक्ष वेळा थरथरतो आणि ती थरथर लाटेच्या रूपाने भिंतीत शिरते. पोलादात तिचा वेग सेकंदाला सुमारे 5,900 मीटर असतो. म्हणजे 20 सेंटिमीटर पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला तिला जेमतेम 68 मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखांश भाग) लागतात. प्रतिध्वनी 34 मायक्रोसेकंदांतच परत आला, तर 10 सेंटिमीटर खोलीवर तिला काहीतरी आडवं आलं आहे हे नक्की.

पण पोलाद शांत नसतं. त्याच्या कणाकणांवरून लाट थोडी थोडी विखुरते. पात्राला आतून स्टेनलेस स्टीलचं अस्तर असतं, तेही गोंगाटात भर घालतं. त्यामुळे पडद्यावर कायम बारीक लव दिसते. खरा दोष त्या लवेतून डोकं वर काढतो, पण किती वर काढलं की त्याची नोंद करायची? ती रेषा माणसाला ठरवावी लागते. रेषा वर ठेवली तर छोटे दोष सुटतात. खाली आणली तर ते पकडले जातात, पण गोंगाटातले खोटे ठिपकेही यादीत शिरू लागतात. त्यात कोनाचा प्रश्न. दोष लाटेला सपाट सामोरा असेल तर प्रतिध्वनी खणखणीत येतो. तो थोडा कलता असेल तर लाट भलतीकडे वळते, आणि तेवढ्याच आकाराचा दोष पडद्यावर लहान दिसतो किंवा दिसतच नाही.

बेल्जियममध्ये ही शंका तशीच सोडून दिली नाही. अशाच दोषांमुळे नाकारलेला एक पोलादी भाग मिळवला. त्याची अल्ट्रासाउंडने तपासणी केली, मग तो कापून आत खरोखर काय आहे ते पाहिलं आणि दोन्ही पडताळून तपासणीची पद्धत सुधारली. कलते आणि लहान दोषही आता नोंदीत येऊ लागले, म्हणून आकडा वाढला. जुन्या आणि नव्या मोजमापांची समान पायावर तुलना केली तेव्हा दोष वाढल्याचं आढळलं नाही.

हे दोष आले कुठून? वितळलेल्या पोलादात हायड्रोजन सहज विरघळतो, थंड पोलादात त्याला जागा नसते. धातू गार होताना हायड्रोजनचे अणू अशुद्धींच्या आसपास गोळा होतात, तिथे त्यांचा वायू बनतो आणि तो आतल्या आत पोलाद फाडतो. एकेक दोष नाण्याएवढा चपटा, बहुतेक भिंतीला समांतर. ही समांतरता फार महत्त्वाची आहे. आतला दाब भिंतीला तिच्या लांबी-रुंदीच्या दिशेने ताणतो. भिंतीला काटकोनात असलेला तडा त्या ताणाने उघडतो. समांतर असलेल्याला उघडायला हा ताण जवळपास काहीच करत नाही. म्हणून ताण-विश्लेषणात संख्येपेक्षा कलाला आणि एकमेकांजवळच्या दोषांना जास्त वजन असतं. डूलच्या 13,047 पैकी किती कलते, किती एकमेकांना खेटून, हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून धोका ठरवता येत नाही.

फांक या बेल्जियमच्या नियामक संस्थेने अहवाल लोकांसमोर ठेवले, आकडा बदलण्याचं कारणही सांगितलं. हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण आकडा मथळ्यात पोहोचला आणि कारण पानांच्या आत राहिलं. 2017 मध्ये तिआंजमध्ये आणखी 70 नोंदी दिसल्या. प्रोबची जागा थोडी वेगळी पडल्यामुळे त्या दिसल्या होत्या, तरी बातमी पुन्हा नव्या तड्यांचीच झाली. त्याच वर्षी तिआंजपासून जर्मनीतल्या आखेनपर्यंत मानवी साखळी झाली आणि आखेनमध्ये आयोडीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या.

या गोळ्यांबद्दलही भलत्या समजुती पसरतात. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनला थायरॉइडमध्ये शिरू देत नाहीत. सीझियमवर किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. 2011 मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांवर झुंबड केली होती. प्रौढाच्या एका मात्रेत सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. किलोभर मिठात साधारण 20 ते 30 मिलिग्रॅम. म्हणजे एका मात्रेसाठी माणसाला तीन ते पाच किलो मीठ एका दमात खावं लागेल, आणि त्या मिठानेच त्याचा जीव जाईल.

मात्र डूलची सगळीच काळजी फोल होती असं मी म्हणणार नाही. मार्च 2014 मध्ये दोन्ही भट्ट्या पुन्हा बंद झाल्या, त्याचं कारण गंभीर होतं. चालत्या भट्टीत भिंतीवर न्यूट्रॉन कणांचा मारा होत असतो; दोष असलेल्या पोलादाच्या नमुन्यांवर तसाच मारा केला, तेव्हा त्यांचा चिवटपणा अपेक्षेपेक्षा जास्त घटला. पोलाद किती ठिसूळ होतं, हाच दाबपात्राच्या आयुष्याचा खरा प्रश्न. त्यावर दीड वर्षाहून जास्त काळ काम चाललं, बाहेरच्या देशांतल्या तज्ज्ञांनी हिशेब तपासले, आणि नोव्हेंबर 2015 मध्ये परवानगी मिळाली. मथळ्यात जायला हवी होती ती ही चाचणी. ती समजावून सांगायला अवघड, 13,047 सांगायला सोपं.

आणखी एक प्रश्न बातम्यांतून जवळपास गायबच झाला. हे दोष 1970 च्या दशकात पोलाद घडवतानाच तयार झाले. त्या वेळीही अल्ट्रासाउंड तपासणी होत होती. मग कारखान्याच्या अंतिम तपासणी अहवालांत त्यांचा उल्लेख का नाही? हजारो दोष असलेला भाग त्या दिवशी कुणी, कोणती रेषा धरून पास केला?