गर्भ आधी ‘मुलगी’ असतो का?

‘प्रत्येक गर्भ आधी मुलगीच असतो, म्हणून तर पुरुषांनाही स्तनाग्रं असतात,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पुरुषांना स्तनाग्रं असतात हे खरं, पण कारण चुकीचं. त्यांची जागा गर्भात मुलगा-मुलगी असा फरक सुरू होण्याआधीच ठरते, इतकंच.

साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत गर्भाची जननग्रंथी ना वृषण असते, ना बीजांडकोश. पुढे काही काळ प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन्ही जोड्या असतात : वुल्फियन (पुरुषाच्या जननमार्गाची) आणि म्युलेरियन (स्त्रीच्या जननमार्गाची). वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय जनुक (शोध १९९०) चालू झाला की ग्रंथीचं वृषण होऊ लागतं. त्यातल्या सर्टोली पेशींचं एएमएच हे संप्रेरक (हार्मोन) म्युलेरियन नळ्या विरघळवतं. वृषणातल्याच लायडिग पेशींचं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वुल्फियन नळ्या टिकवतं, त्यांच्यापासूनच शुक्रवाहिन्या होतात. बाह्य अवयवांना मात्र तेवढं पुरत नाही, तिथे टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या अधिक प्रभावी रूपात रूपांतर व्हावं लागतं. ते करणारं विकर (एन्झाइम) कमी पडलं तर एक्स-वाय गुणसूत्रं असलेलं, म्हणजे मुलाची गुणसूत्रं असलेलं बाळ जन्मतः मुलीसारखं दिसू शकतं.

गैरसमजाचं मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्ट यांच्या १९४०च्या दशकातल्या प्रयोगांत आहे. गर्भावस्थेतच वृषण काढलेल्या सशांत मादीचा जननमार्ग तयार झाला, आणि लोकांनी ‘स्त्री म्हणजे काहीच न घडणं’ असा अर्थ लावला. पण बीजांडकोश आपोआप होत नाही. डब्ल्यूएनटी४, आरएसपीओ१ यांसारखे जनुक त्यासाठी काम करतात. आणि सुरुवातीला दोन्ही नळ्या असल्याच्या खुणा पुढेही उरतात. पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये आजही म्युलेरियन नळ्यांच्या जागेची खूण म्हणून एक चिमुकली पिशवी सापडते. स्त्रीच्या योनीभिंतीलगत वुल्फियन नळीचे अवशेष राहू शकतात, कधी त्यांचीच गाठ होते.