बंद दार आणि उघडी खिडकी: ब्राँटे बहिणींचा गॉथिक

‘माडीवर कोंडलेली ती वेडी बायको ‘वुदरिंग हाइट्स’मध्येच आहे ना?’ हा प्रश्न मी इंग्रजी साहित्य शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे. नाही, ती ‘जेन एअर’मध्ये आहे. पण घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही कादंबऱ्या १८४७ सालच्या, ‘जेन एअर’ ऑक्टोबरातली, ‘वुदरिंग हाइट्स’ डिसेंबरातली. लिहिणाऱ्या सख्ख्या बहिणी, अनुक्रमे शार्लट आणि एमिली. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचे पाद्री हे त्यांचे वडील. दोघींनी टोपणनावं घेतली, करर बेल आणि एलिस बेल, आणि हे सगळे ‘बेल’ म्हणजे एकच माणूस अशी समजूत तेव्हाच पसरली. एमिलीच्या प्रकाशकाने ती पसरू दिली. शेवटी १८४८च्या जुलैत शार्लट आणि धाकटी बहीण ॲन (तीही ॲक्टन बेल नावाने लिहायची) रात्रीची गाडी पकडून लंडनला गेल्या आणि ‘आम्ही वेगवेगळ्या आहोत’ हे त्यांना शार्लटच्या प्रकाशकासमोर उभं राहून सांगावं लागलं. एमिली घरीच राहिली.

दोन्हींत जुनं एकाकी घर आहे, वारा आहे, रात्री आहेत, उग्र स्वभावाचा घरधनी आहे. म्हणून दोन्हींना सरसकट ‘गॉथिक’, म्हणजे जुन्या वास्तूंतल्या भय-गूढाच्या कथा, म्हटलं जातं, आणि ते चूकही नाही. पण गॉथिक कथेत आधीपासूनच दोन वाटा होत्या. १७६४ साली होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ने सुरुवात केली. तिथे आभाळातून राक्षसी शिरस्त्राण कोसळतं, आणि ते का कोसळलं याचं लौकिक उत्तर कुणी देत नाही. १७९४ साली ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’मध्ये मात्र भीतीने जीव अर्धा झाल्यावर लेखिका शेवटी एकेका गोष्टीचा उलगडा करते. शार्लट या दुसऱ्या वाटेने गेली. एमिलीने दोन्ही वाटा सोडल्या.

‘जेन एअर’मधली भीती कुलपाआड आहे. दहा वर्षांच्या जेनला मामी शिक्षा म्हणून लाल खोलीत कोंडते. याच खोलीत तिचे मामा वारलेले. भिंतीवर उजेडाचा ठिपका सरकतो आणि पोर किंचाळते. मोठेपणी तीच सांगते की बाहेरच्या हिरवळीवरून कुणी कंदील घेऊन चाललं असावं. पुढे जेन शिक्षिका म्हणून राहते त्या रॉचेस्टरच्या थॉर्नफील्ड वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरही तेच घडतं. आधी हसणं ऐकू येतं, मग रॉचेस्टरचा पलंग पेटतो, मग एका पाहुण्याला कुणीतरी चावतं. रॉचेस्टरशी होणाऱ्या लग्नाच्या दोन रात्री आधी एक उंच बाई जेनच्या खोलीत येते, तिचा लग्नाचा बुरखा डोक्यावर घेते, आरशात पाहते आणि तो टराटरा फाडून पायाखाली तुडवते. जेनला ते रक्तपिशाच्च वाटतं. रॉचेस्टर समजावतो की निम्मं स्वप्न असेल. पण सकाळी गालिच्यावर त्या बुरख्याचे दोन तुकडे पडलेले असतात. शार्लट असा हातात धरता येणारा पुरावा ठेवते, कारण कुलूप उघडणार आहे. ते उघडतं तेव्हा आत भूत नसतं, जमैकाहून आणलेली रॉचेस्टरची लग्नाची बायको बर्था असते. दहा वर्षं ती तिथे कोंडलेली आहे. मला हा क्षण कुठल्याही भुतापेक्षा भयानक वाटतो. बर्थाला पुस्तकभर स्वतःचं एकही वाक्य मिळत नाही. तिची कहाणी सांगतो तिला कोंडणारा नवरा. तिची बाजू कुणी विस्ताराने लिहावी यासाठी १९६६ साल उजाडलं. कादंबरीकार जीन ऱ्हिसने ती ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये लिहिली.

आता दुसऱ्या घरी, ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये जाऊ. बर्फात अडकलेला पाहुणा लॉकवुड एका जुन्या लाकडी कपाटवजा पलंगात झोपतो. फांदी काचेवर टकटक करते. ती थांबवायला तो काचेतून हात बाहेर काढतो आणि फांदीऐवजी बर्फासारखी गार, इवलीशी बोटं हातात येतात. ‘मला आत घ्या’ असं म्हणत ती मुलगी आपलं नाव कॅथरीन लिंटन सांगते. घाबरलेला लॉकवुड तिचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, अंथरूण रक्ताने भिजेपर्यंत. स्वप्नच होतं, असं म्हणायला पूर्ण जागा आहे. झोपण्याआधी त्याने तिचीच नावं वाचली होती. पण त्यांत अर्नशॉ हे माहेरचं नाव कितीतरी जास्त वेळा होतं, मग लिंटन हे सासरचं कसं आलं? हा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो आणि एमिली उत्तर देत नाही. इथे कुलूप नाही, किल्लीही नाही. मेलेल्या कॅथरीनवर अजूनही जीव असलेला घरमालक हीथक्लिफ धावत येऊन तीच खिडकी उघडतो आणि ‘ये, कॅथी, ये’ म्हणत ढसाढसा रडतो. ज्या गोष्टीला पाहुणा घाबरून बाहेर ढकलतो, तिलाच हा घरात बोलावतो. शार्लटच्या घरात भीती आत डांबलेली आहे. एमिलीच्या घरात ती बाहेर उभी राहून आत यायचं म्हणते.

रक्तपिशाच्च हा शब्द एमिलीकडेही येतो. हीथक्लिफ तसा असेल का, असं घर सांभाळणाऱ्या आणि ही गोष्ट सांगणाऱ्या नेलीच्या मनात येतं. मग तिला आठवतं की आपण याला लहानपणापासून सांभाळलंय, पण शंका काही जात नाही. शेवटी तो त्याच पलंगात मेलेला सापडतो. खिडकी उघडी, पावसाने सगळं भिजलेलं, तावदान आपटून हाताची कातडी सोलवटलेली, पण रक्ताचा थेंब नाही. स्वप्नातल्या भुताला रक्त येतं आणि खऱ्या माणसाच्या जखमेतून येत नाही. ही दोन दृश्यं शेजारी ठेवून वाचली की अंगावर काटा येतो.

अर्थात शार्लटचीही एक खिडकी उघडी राहिली आहे. मैलोन्‌मैल दूर असलेल्या जेनला रॉचेस्टरची हाक ऐकू येते, तीनदा. त्यानेही त्याच वेळी हाक मारलेली असते. सगळ्याचा हिशेब लावणारी शार्लट याचा लावत नाही.

एमिलीच्या शेवटी मेंढरं घेऊन निघालेला एक पोरगा रडत उभा असतो. पुढे हीथक्लिफ आणि एक बाई आहे, मी जाणार नाही, असं तो म्हणतो. मेंढरंही पुढे जात नाहीत. नेली त्याला दुसऱ्या वाटेने जायला सांगते. पोराने ऐकलेल्या गोष्टीच मनात घोळवल्या असतील, असं ती म्हणते, आणि लगेच कबूल करते की हल्ली अंधारात बाहेर पडायला तिलाही आवडत नाही.