‘सुपरफझ बिगमफ’च्या मागचं सिएटल

ऑक्टोबर १९८८ मध्ये सिएटलच्या सब पॉप या छोट्या लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) मडहनी या बँडची सहा गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, काढली. तिचं नाव ‘सुपरफझ बिगमफ’. ही दोन गिटार पेडलांची, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या डब्यांची नावं आहेत : युनिव्हॉक्सचं सुपर-फझ आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बिग मफ. बँडला ही दोन पेडलं इतकी प्रिय होती की ईपीला गाण्याचं वगैरे नाव न देता त्यांनी पायाखालच्या डब्यांचं नाव देऊन टाकलं.

स्वतंत्र रॉक बँडला हमखास विचारले जाणारे प्रश्न तीन. कोणाला ऐकत मोठे झालात, वाजवता कशावर, आणि तुमच्या गावात आणखी कोण वाजवतं? मडहनीच्या बाबतीत ही तीन उत्तरं सुटी करता येत नाहीत. त्यांच्या आवडीच्या रेकॉर्डी, स्वस्तात मिळालेली जुनी वाद्यं आणि आलटून पालटून एकमेकांच्या बँडमध्ये वाजवणारी मित्रमंडळी हे सगळं एकाच छोट्या वर्तुळात फिरत होतं. ग्रंजचा, म्हणजे सिएटलच्या या जाड, फाटक्या आवाजाच्या रॉकचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९९१ पासून आणि निर्वाणा या बँडपासून सुरुवात करतात. तो आवाज त्याआधी कसा जमून आला हे मात्र मडहनीकडे पाहिल्यावर जास्त नीट कळतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी पेडलांविषयी. सुपर-फझ साठच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये शिन-एई कंपनी बनवू लागली. अमेरिकेत ते युनिव्हॉक्स या नावाने विकलं जाई. गिटारचा सिग्नल हे पेडल दोन परस्परविरुद्ध भागांत फोडतं आणि पुन्हा जोडताना लाटेचा खालचा अर्धा भाग वर पालथा करतं. त्यामुळे मूळ स्वराच्या एक सप्तक वरचा स्वर आपसूक मिसळतो. मग जर्मेनियम डायोड लाटेची टोकं छाटतात. शिवाय एक स्विच आहे, तो टाकला की मधल्या पट्टीचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि उरते ती खालची घरघर आणि वरची करकर. एकच स्वर छेडला तर तो फाटलेला पण ओळखू येतो. दोन-तीन स्वर एकदम वाजवले की ते आतल्या आत एकमेकांवर आदळून असे काही उपस्वर तयार करतात जे वाजवणाऱ्याने वाजवलेलेच नसतात. बिग मफचा स्वभाव याच्या उलट. न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज यांच्या कंपनीने ते १९६९ च्या सुमारास आणलं. त्यात ट्रान्झिस्टरच्या चार पायऱ्या आहेत, पैकी दोन पायऱ्यांवर डायोड सिग्नल कापतात. परिणामी आवाज जाड आणि गुळगुळीत होतो आणि एकदा छेडलेला स्वर कितीतरी वेळ मरतच नाही. एक पेडल ओरबाडणारं, दुसरं भिजलेल्या घोंगडीसारखं जड. ती ईपी हेडफोन लावून ऐकली तर हे दोन्ही पोत सापडतात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही पेडलं कोणालाच नको होती. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने दिवाळं काढलं होतं आणि बिग मफचं उत्पादन थांबलेलं होतं. फॅशन होती ती प्रतिध्वनी देणाऱ्या स्वच्छ डिजिटल डिलेची, आवाज दाट करणाऱ्या कोरसची आणि चकचकीत रॅक युनिट्सची. गिटारींचंही तेच. फेंडरची जाझमास्टर १९५८ ची, जॅग्वार १९६२ ची, मस्टँग १९६४ ची; १९८२ पर्यंत कंपनीने तिन्ही बंद केल्या होत्या. हेवी मेटलवाल्यांना त्या चालत नव्हत्या, म्हणून गहाणवटीच्या दुकानांत त्या स्वस्तात पडून असत. जॅग्वार आणि मस्टँगची तार २४ इंची, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरपेक्षा दीड इंच आखूड. तार आखूड असली की ताण कमी, आणि ताण कमी असला की जोरात वाजवल्यावर स्वर किंचित हलतो. पुढे या वाद्यांना जो भाव आला तो याच मंडळींमुळे. त्या वेळी मात्र ती परवडतात म्हणून घेतली जात होती.

प्रभावांच्या बाबतीत डेट्रॉइटच्या बाजूचे स्टूजेस आणि सॅन फ्रान्सिस्कोचे ब्लू चीअर ही नावं सगळीकडे येतात आणि ती बरोबरच आहेत. पण सिएटलच्या दक्षिणेला जवळच असलेल्या टकोमा शहराचा वारसा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टकोमाच्या वेलर्स या बँडने १९६१ मध्ये एटिकेट हे स्वतःचं लेबल काढलं. त्याच लेबलवर १९६५ मध्ये सॉनिक्स या बँडचा पहिला अल्बम आला. त्यातली किंचाळी, फुटलेला अ‍ॅम्प आणि माइकला न पेलणारा ड्रमचा आवाज आजही दचकवतो. म्हणजे मोठ्या शहरातल्या कंपन्यांची वाट न पाहता आपलं आपण छापायचं, आणि घाणेरडा आवाज लपवण्याऐवजी पुढे आणायचा, या दोन्ही गोष्टी त्या भागात वीस वर्षं आधीच होऊन गेल्या होत्या.

दुसरा धक्का कॅलिफोर्नियाहून आला. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडने १९८४ मध्ये ‘माय वॉर’ हा अल्बम काढला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूवर सहा-सहा मिनिटांपेक्षा मोठी तीन संथ, चिवट गाणी ठेवली. वेगावर पोसलेले अनेक पंक श्रोते वैतागले. वॉशिंग्टन राज्यात मात्र ती बाजू झिजेपर्यंत वाजली. अ‍ॅबर्डीनजवळच्या मेल्विन्स या बँडने, जो आधी सुसाट वाजवी, आपला वेग पार खाली आणला. मेल्विन्सच्या बझ ऑस्बोर्नकडूनच साउंडगार्डन या सिएटलच्या बँडचा गिटारवादक किम थायिलला सगळ्यात जाड तार एक स्वर खाली, ‘डी’पर्यंत, उतरवण्याची युक्ती कळली. पंक आणि ब्लॅक सॅबथचं जड, संथ मेटल यांच्यामधली भिंत इथेच पडली.

आता शेजारी. मडहनीचा गायक-गिटारवादक मार्क आर्म आणि गिटारवादक स्टीव्ह टर्नर हे दोघेही १९८४ मध्ये सुरू झालेल्या ग्रीन रिव्हर या बँडमधले. टर्नर तिथून लवकर बाहेर पडला. ग्रीन रिव्हर १९८७ च्या अखेरीस फुटलं तेव्हा त्यातले स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट मदर लव्ह बोन या बँडकडे गेले आणि पुढे त्यातूनच पर्ल जॅम उभा राहिला. मोठ्या लेबलची ओढ किती असावी, या मतभेदाचा त्या फुटीत मोठा वाटा होता. आर्म आणि टर्नर पुन्हा एकत्र आले, मेल्विन्समधून बास वाजवणारा मॅट ल्यूकिन आला, ड्रमवर डॅन पीटर्स बसला आणि १९८८ च्या सुरुवातीला मडहनी तयार झालं. एका बँडच्या फुटीतून दोन घराणी निघाली आणि ती आजतागायत चालू आहेत.

या सगळ्यांना एकत्र ठेवणारा माणूस म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा जॅक एन्डिनो. शिक्षणाने अभियंता, आधी नौदलाच्या गोदीत नोकरीला, स्किन यार्ड बँडचा गिटारवादक. याच स्किन यार्डचा ड्रमर मॅट कॅमेरन पुढे साउंडगार्डनमध्ये गेला आणि बासवादक डॅनियल हाउस सी/झी हे लेबल चालवू लागला. त्या लेबलचं १९८६ चं ‘डीप सिक्स’ संकलन म्हणजे त्या पिढीचा पहिला गटफोटो : ग्रीन रिव्हर, मेल्विन्स, माल्फंक्शन, स्किन यार्ड, साउंडगार्डन, यू-मेन. बॅलार्ड भागातल्या रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या स्टुडिओत एन्डिनो आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठच आवाज वेगवेगळे नोंदवणाऱ्या, मशीनवर काम करी. निर्वाणाचा पहिला अल्बम तिथेच ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये झाला. मडहनीचं पहिलं सिंगलही तिथलंच. एन्डिनो आवाज फारसा घासूनपुसून घेत नसे. पैसाही नव्हता आणि त्याला तसं करायचंही नव्हतं.

वाद्यं आणि माणसं किती मोकळेपणाने फिरत याचं एक उदाहरण मला फार आवडतं. जुलै १९९० मध्ये टॅड हा बँड याच स्टुडिओत रेकॉर्ड करत होता. ते जेवायला गेले तेवढ्या वेळात निर्वाणाने त्यांचीच वाद्यं घेऊन ‘स्लिव्हर’ हे सिंगल वाजवून टाकलं. ड्रमवर होता मडहनीचा डॅन पीटर्स. एका गाण्यात तीन बँड!

मंडळी एवढी जवळ येण्यामागे शहराचाही हात होता. १९८५ मध्ये सिएटलने किशोरांच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमांवर कडक नियम लादले. आयोजकाला दहा लाख डॉलरचा विमा आणि सुरक्षेसाठी पोलीस हे दोन्ही बंधनकारक झालं. लहान आयोजकांना ते झेपणारं नव्हतं. तरुणांसाठीच्या जागा आटल्या, आणि मोजक्या दारूच्या गुत्त्यांत किंवा कोणाच्या तरी तळघरात तेच तेच लोक एकमेकांना ऐकू लागले. तो नियम २००२ पर्यंत टिकला.

सब पॉपच्या ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन यांनी या घोळक्याला चेहरा दिला. चार्ल्स पीटरसनचे हललेले, घामाने निथळणारे कृष्णधवल फोटो, मोजक्याच प्रतींची सिंगल्स, आणि स्वखर्चाने इंग्लंडहून बोलावलेला ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाचा पत्रकार एव्हरेट ट्रू. मार्च १९८९ मधल्या त्याच्या लेखाने ब्रिटन आधी जागं झालं. तेव्हा लेबलचा पहिल्या क्रमांकाचा बँड मडहनी होता, निर्वाणा नव्हे. सॉनिक यूथ या न्यूयॉर्कच्या बँडसोबतच्या दौऱ्याने ते आणखी पक्कं झालं.

१९९१ मध्ये मडहनीने पुन्हा आठ ट्रॅकचाच मार्ग धरला. कॉनरॅड यूनोच्या एग स्टुडिओत झालेला तो अल्बम जुलैत आला, निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमच्या दोन महिने आधी, आणि पैशांच्या अडचणीत सापडलेल्या सब पॉपला त्याच्या विक्रीने मोठा आधार दिला. त्यानंतर रीप्राइज या मोठ्या लेबलवर काही वर्षं काढून बँड २००२ मध्ये सब पॉपकडे परतला. ‘प्लास्टिक एटर्निटी’ हा २०२३ चा अल्बमही तिथूनच आला. मार्क आर्मने तर याच लेबलच्या गोदामात वर्षानुवर्षं नोकरीही केली आहे.