नजरेची जुनी वाट
जून महिन्यात पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानात गर्दीच्या वेळी उभे राहिले, की माणसाची नजर कशी शोध घेते ते फुकटात पाहायला मिळते. गिऱ्हाईक ‘दहावी, भूमिती’ एवढेच म्हणते आणि काउंटरमागचा माणूस छतापर्यंत रचलेल्या पुस्तकांमधून, ज्यांच्या केवळ पाठी दिसत असतात, हवे ते गाईड अचूक ओढून काढतो. यंदा मात्र मी याच्या उलट पाहिले. गाईडचे निळे मुखपृष्ठ बदलून पिवळे झाले होते. ते नेहमीच्याच कप्प्यात असूनही मुरलेल्या विक्रेत्याची नजर त्यावरून दोनदा फिरली आणि तो म्हणाला, “संपलं वाटतं.” ते सापडले त्याच आठवड्यात कामाला लागलेल्या पोराला.

आपल्याला समोरचे सगळे दृश्य एकसारखे स्पष्ट दिसते असे वाटते, पण प्रत्यक्षात बारीक तपशील टिपणारा डोळ्यातला भाग फारच लहान असतो. हात लांब धरल्यावर अंगठ्याचे नख जेवढे दिसते, साधारण तेवढीच जागा त्यात मावते. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार झेपा घेत दृश्य चाचपतात. पुढची झेप कुठे घ्यायची, हे ठरते कसे? याची दोन उत्तरे बराच काळ दिली जात होती. एक म्हणजे भडक, वेगळी वस्तू नजर स्वतःकडे खेचते. दुसरे म्हणजे आपण मनात धरलेल्या वस्तूकडे ती जाते. एडवर्ड ऑ, आर्तेम बेलोपोल्स्की आणि यान थेउवेस या मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली ही विभागणी अपुरी असल्याचे मांडले. यापूर्वी लक्ष कशाकडे गेले आणि त्यातून काय मिळाले, हा ‘निवडीचा इतिहास’ त्यांनी तिसरा घटक मानला.

या इतिहासाचा सर्वांत छोटा तुकडा काही सेकंदांचा असतो. व्हेरा मल्जकोविक आणि केन नाकायामा यांच्या 1994 सालच्या प्रयोगात वेगळ्या रंगाचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार शोधायचा होता. मागच्या खेपेचाच रंग पुन्हा आला, तर उत्तर लवकर मिळे. विशेष म्हणजे पुढचा रंग कोणता हे आधी ओळखता येत असतानाही हा परिणाम पुसला जात नसे.

मला त्याहून विलक्षण वाटतो तो मार्विन चुन आणि युहोंग जियांग यांचा 1998 सालचा प्रयोग. पडद्यावर विखुरलेल्या अनेक ‘एल’ अक्षरांमध्ये आडवा पडलेला एक ‘टी’ शोधायचा, एवढेच काम होते. काही मांडण्या मधूनमधून पुन्हा दाखवल्या जात, पण याची कल्पना शोधणाऱ्यांना दिलेली नव्हती. त्या मांडण्यांमधला ‘टी’ त्यांना हळूहळू लवकर सापडू लागला. नंतर मात्र ‘यांतल्या कोणत्या मांडण्या आधी पाहिल्या होत्या’ असे विचारल्यावर त्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस आणि लगतच्या भागांना इजा होऊन स्मृती गेलेल्या रुग्णांना सरावाचा सर्वसाधारण फायदा झाला, पण ओळखीच्या मांडणीचा झाला नाही, असे चुन आणि एलिझाबेथ फेल्प्स यांना 1999 साली आढळले. म्हणजे नकळत चालणाऱ्या या शोधालाही स्मृतीची तीच यंत्रणा लागत असावी.

अशी मुरलेली मांडणी मोडली, तर नजर सहजासहजी नवी जागा शिकत नाही. आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत मिसळणाचा डबा गॅसच्या डाव्या हाताकडून वरच्या फळीवर गेला. आई आज संक्रांत उलटली तरी फोडणीच्या वेळी आधी डावीकडेच पाहते, आणि डबा हलवणाऱ्याचा, म्हणजे माझा, उद्धार करते.

इतिहासात बक्षिसाचाही हिशेब असतो. ब्रायन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली काही रंग शोधल्याबद्दल लोकांना पैसे दिले. पुढच्या टप्प्यात रंगाचा कामाशी काहीच संबंध उरला नव्हता, तरीही तोच रंग आजूबाजूला आला, की त्यांचा वेग मंदावे.

आणि जे कधीच सापडत नाही, त्याचे काय? जेरेमी वुल्फ यांच्या गटाने 2005 साली सामानाच्या क्ष-किरण चित्रांसारखी चित्रे दाखवून लोकांना त्यांतली हातोडीसारखी अवजारे शोधायला लावली. निम्म्या चित्रांत अवजार असताना सुमारे 7 टक्के अवजारे नजरेतून सुटली. शंभरात एकाच चित्रात असताना हेच प्रमाण 30 टक्क्यांवर गेले. ‘काही नसते’ हा अनुभव साचत गेला, की माणूस शोध लवकर आवरता घेतो. अनेक विमानतळांवर म्हणूनच संगणक खऱ्या बॅगेच्या चित्रात मधूनच एखादे खोटे पिस्तूल मिसळतो. तपासनीसाने ते पकडले, की ते खोटे असल्याची सूचना पडद्यावर येते. पलीकडे बॅगेचा मालक मात्र आपण डब्यात घातलेल्या शेंगदाण्याच्या चटणीनेच घात केला की काय, या काळजीत उभा असतो.