भ्रंशापलीकडची वाळू

भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकतात ती भेग, म्हटली की आपल्याला कोयना आणि किल्लारी आठवतात. पण टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराखालचा लाँग पॉइंट भ्रंश कुणाला हादरवत नाही. तो संथपणे सरकतो, रस्त्यांना आणि भिंतींना तडे पाडतो. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याखाली असे पुष्कळ 'वर्धमान भ्रंश' आहेत. कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशापुढे समुद्राखालीही आहेत.

नदी मुखाशी वाळू टाकते. खालच्या चिखलातलं पाणी अजून पुरतं निघालेलं नसतं. ओझं वाढलं की तो मऊ चिखल दबून पसरतो आणि वरचा गाळ समुद्राकडे घसरतो. घसरलेल्या बाजूला खळगा पडतो, पुढची वाळू त्यातच साठते, ओझं आणखी वाढतं, भ्रंश आणखी सरकतो. थर आधी साचले आणि मग तुटले असं इथे नसतंच. दोन्ही एकदमच चालतं. म्हणून भ्रंशाच्या न खचलेल्या बाजूला 60 मीटर जाड असलेला थर खचलेल्या बाजूला 150 मीटर असू शकतो. या जाडींचं गुणोत्तर (इथे अडीच) थरागणिक काढत गेलं की भ्रंश कधी जोरात होता आणि कधी थंडावला हे कळतं. या शास्त्रातला मला सर्वांत आवडणारा हिशेब हाच.

आता तेल-वायूसाठी अशी वाळू शोधतानाची पंचाईत पाहा. ध्वनिलहरी जमिनीत सोडल्या की खडकाची घनता आणि लहरीचा वेग यांचा गुणाकार जिथे बदलतो, तिथून त्या परततात आणि नोंदीच्या चित्रात रेघ उमटते. वेग सेकंदाला 3000 मीटर, कंप्रता 30 हर्ट्झ धरली तर तरंगलांबी 100 मीटर. तिच्या पाव हिश्शाहून, म्हणजे 25 मीटरहून, पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे भ्रंशाच्या अलीकडे, न खचलेल्या बाजूला, एकाच रेघेत मिसळलेले वाळूचे दोन थर पलीकडे, खचलेल्या बाजूला, जाड होऊन सुटे दिसू शकतात. अलीकडच्या विहिरीतली नोंद रेघा मोजून पलीकडे चिकटवली, तर फसगत ठरलेली. नुसत्या रेघा जुळवणाऱ्या 'एआय'चीही तीच गत. हातावर नारळ उभा करून पाणी दाखवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

शिवाय प्रतिध्वनी वेळ सांगतो, खोली नाही. खोलीसाठी वेग लागतो, आणि कोंडलेल्या पाण्याच्या चिखलात तो मंदावतो. एरवी खोलीबरोबर वाढणारा वेग जिथे घटू लागतो, तिथे दाब अवाजवी असण्याची शक्यता धरून, ड्रिल तिथवर पोचण्याआधीच विहिरीतला ड्रिलिंगचा चिखल (हा दाब तोलून धरणारा द्रव) जड करून ठेवावा लागतो.